लेबलवर नसलेला ट्रम्पेट

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचे आवडते अल्बम क्रमानं लावणं हा जगभरच्या जॅझवेड्यांचा जुना उद्योग. पुण्यातही तो चालतो. ‘काइंड ऑफ ब्लू’ आधी की ‘बिचेस ब्रू’, यावर मध्यरात्र उलटेपर्यंत वाद घालणारी माणसं मला कॅम्पात भेटली आहेत, तशी सदाशिव पेठेतही भेटली आहेत. हा वाद रंगतो, कारण वादाला पुरावा हाताशी असतो. ‘काइंड ऑफ ब्लू’ न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी ध्वनिमुद्रित झाला. सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स, एका गाण्यापुरता विन्टन केली, बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब. कोण कुठल्या गाण्यात वाजवत होतं याचा हिशेब चोख आहे. त्यामुळे साठ-पासष्ट वर्षांनंतरही टिळक रस्त्यावरच्या एखाद्या घरात बसून माणूस म्हणू शकतो, की दुसऱ्या दिवसाचं वादन पहिल्या दिवसापेक्षा सरस आहे.

अशीच क्रमवारी आपल्या मातीतल्या ट्रम्पेटवाल्याची लावायची ठरवली तर? माणूस आहे. त्याचं वादनही आहे, आणि ते तुम्ही-आम्ही, आपल्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी शेकडो वेळा ऐकलेलं आहे. पण त्याच्या नावाचा अल्बम मागायला गेलात तर हात रिकामे राहतात.

त्याचं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. आई लाडानं चिको म्हणायची, त्याचं पुढे चिक झालं आणि मुंबईच्या नाचघरांत तो चिक चॉकलेट म्हणून गाजला. त्यानं मेकॅनिक व्हावं, चार पैसे सरळ मार्गानं मिळवावेत, ही आईची इच्छा. पोराच्या डोक्यात मात्र लुई आर्मस्ट्राँग शिरलेला. आर्मस्ट्राँगच्या १९२०च्या दशकातल्या रेकॉर्डी ऐकून ज्यांची आयुष्यं बदलली अशी माणसं शिकागोत होती, पॅरिसमध्ये होती, तशी हळदोण्यातही होती. तो खरखरीत आवाज, हातातला रुमाल, वरच्या सुरावर जाऊन तिथंच ठाण मांडून बसण्याची हिंमत, हे सगळं चिकनं उचललं. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. चाळीसच्या दशकात तो आधी मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलात आणि पुढे शेजारच्या ताजमध्ये स्वतःचा बॅण्ड घेऊन वाजवत होता. मे १९६७ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो गेला.

त्याचं खरं भांडार मात्र ताजमध्ये उरलेलं नाही. तिथलं वादन त्या त्या रात्रीबरोबर हवेत विरलं. जे उरलं ते मुख्यतः हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत, आणि तेही बहुतेक एका मराठी संगीतकाराच्या गाण्यांत.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी गेलात तर पितळी समया, गंजलेले पाने, चष्म्याच्या फ्रेमा यांच्या मधोमध अजूनही कुठे तरी लाखेच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या रेकॉर्डींची चळत दिसते. त्यातली एखादी उचलून उन्हात धरा. मधल्या गोल कागदावर कुत्रा आणि भोंगा. त्याखाली चित्रपटाचं नाव, गाण्याची पहिली ओळ, गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव आणि ‘एन’ अक्षरापासून सुरू होणारा क्रमांक. बस. वादकांना तिथं जागाच नव्हती. गायकांनाही ती आपसूक मिळालेली नाही. ‘महल’ चित्रपटातल्या लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डवर गायिका म्हणून पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’ असं नाव छापलं होतं, आणि ही १९४९ची गोष्ट. जिथं लताबाईंना नावासाठी थांबावं लागलं तिथं ट्रम्पेटवाल्याचं नाव कोण छापणार? पुढे लाँगप्ले आल्या, कॅसेटी आल्या, सीडी आल्या. त्याच गाण्यांची संकलनं गायकांच्या नावानं निघाली, संगीतकारांच्या नावानं निघाली. वादक होता तिथंच राहिला.

चिकसारखी गोव्याची मंडळी हिंदी सिनेमात आली कशी, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. प्रार्थनेत गाणारे-वाजवणारे हात तयार व्हावेत एवढाच हेतू. पण त्यातून पिढ्यान्‌पिढ्या अशी मुलं निघाली, की समोर कागद ठेवला की पहिल्या फटक्यात वाजवून मोकळी. गोव्यात पोटापाण्याची सोय तोकडी, म्हणून ती मुंबईला आली, धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे सामाईक बिऱ्हाडांत, राहिली आणि हॉटेलांत, क्लबांत, मूकपटांच्या थिएटरांत वाजवू लागली. १९३५च्या सुमारास ताजमध्ये अमेरिकेहून लिऑन अ‍ॅबेचा कृष्णवर्णीय वादकांचा बॅण्ड आला. त्यातला क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक पुढे मुंबईत राहून वाजवत राहिला. या पोरांना जॅझ रेकॉर्डीवरून कळत होतं, ते आता समोर बसून ऐकता आलं.

मग स्वातंत्र्य आलं, गोरं गिऱ्हाईक गेलं आणि १९४९च्या कायद्यानं मुंबई प्रांतात दारूबंदी आली. नाचघरांचा धंदा बसला. नेमक्या त्याच वर्षांत हिंदी सिनेमाचा वाद्यमेळ चार-सहा माणसांवरून तीस-चाळिसांवर चालला होता. आपले संगीतकार चाल बांधण्यात पटाईत; पण चाळीस वादकांना एकाच वेळी कुणी काय वाजवायचं हे लिहून देणं ही वेगळी विद्या. ती गोवेकरांकडे होती. सिटिंगमध्ये संगीतकारानं पेटीवर चाल ऐकवायची. सहायकानं ती कागदावर उतरवायची, सुरुवातीचा तुकडा, दोन अंतऱ्यांमधलं संगीत, ओळींच्या फटीतले फिलर हे सगळं वाद्यावार वाटून द्यायचं आणि टेकच्या वेळी स्वतःही वाद्य उचलून उभं राहायचं. यात सबॅस्टियन डिसूझा होते, फ्रँक फर्नांड होते, अँथनी गोन्साल्विस होते. गोन्साल्विस यांचं नाव आज पोरासोरांना माहीत आहे ते ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे, आणि ते नाव त्या गाण्यात आलं कारण त्याच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. शिष्यानं आठवण ठेवली म्हणून गुरूचं नाव उरलं. बाकीच्यांना असा शिष्य भेटला नाही.

चिक चॉकलेटला भेटले सी. रामचंद्र. अण्णा चितळकर, जन्म १९१८, पुणतांब्याचे. आज त्यांचं नाव काढलं की लोकांना २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी गायलेलं ते देशभक्तिगीत आठवतं, किंवा ‘अनारकली’ आठवतो. गाणं ते शिकले विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात. म्हणजे पलुस्करांच्या परंपरेतली शिस्त, तालाचा पक्का हिशेब, बंदिशीचं शुद्ध उच्चारण. पुढे मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीवाले म्हणून उमेदवारी. असा माणूस ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बोंगो यांच्या नादी लागला आणि त्यानं चिकला आपला सहायक केलं. हे लग्न जमलं याचं कारण दोघांचं लयीवर प्रेम होतं, असं मला वाटतं. अण्णांची पाश्चात्त्य वळणाची गाणी नीट ऐका. वरचा साज कुठलाही असो, चाल समेवर कशी येते ते पाहा. ती पटवर्धनबुवांच्या वर्गातून आलेल्या माणसाची आहे.

तर अल्बम नाहीत, गाणी आहेत. क्रमवारी गाण्यांचीच लावायची. आमच्या ऐकणाऱ्या मंडळींनी त्यासाठी एक कसोटी ठरवली आणि मी ती इथं वापरतो: गाण्यातली फुंकवाद्यं मनातल्या मनात काढून टाकायची आणि उरलेलं गाणं उभं राहतं का ते बघायचं. जितकं जास्त कोसळेल तितका क्रम वरचा. गाणं लोकप्रिय किती, सिनेमा चालला किती, याला गुण नाहीत.

ऐकण्यापूर्वी वाद्याबद्दल दोन शब्द. ट्रम्पेटला तीनच खटके. मधला दाबला की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिला दाबला की एका स्वरानं, तिसरा दाबला की दीड. बाकी सगळं काम ओठांचं. एकच खटका दाबलेला ठेवून केवळ ओठ आवळून वादक चार-पाच वेगवेगळे सूर काढतो. म्हणून ओठ दमले की वाद्य संपलं. रात्री हॉटेलात चार-पाच तास वाजवून सकाळी स्टुडिओत हजर होणाऱ्या माणसानं वरचा सूर स्वच्छ लावला, तर त्याची किंमत ओळखायला हवी. दुसरं म्हणजे त्या काळचं ध्वनिमुद्रण. एक-दोन माइकांवर सगळा मेळा. गायक माइकजवळ, सारंगी-सतार त्यामागे आणि ट्रम्पेटचा आवाज मोठा म्हणून तो सगळ्यात लांब, भिंतीला टेकून. त्यामुळे या गाण्यांतला ट्रम्पेट दुरून, खोलीचा घुमार घेऊन येतो. कान त्या अंतराला लावावा लागतो.

पाचव्या क्रमांकावर ‘शहनाई’ (१९४७) मधलं रविवारच्या भेटीचं गाणं. पी. एल. संतोषींचा चित्रपट, चितळकर (म्हणजे अण्णाच), शमशाद बेगम आणि मीना कपूर यांचे आवाज. इतिहासात त्याची जागा मोठी. हिंदी गाण्यात इंग्रजी शब्द आणि पाश्चात्त्य नाचाचा ठेका इतक्या बिनधास्तपणे आला आणि देशभर गाजला, तो इथं. पण आमच्या कसोटीवर ते फुंकवाद्यांवाचूनही चालतं. ते शब्दांवर आणि गायकांच्या नखऱ्यावर उभं आहे. ‘पतंगा’ (१९४९) मधल्या रंगूनच्या टेलिफोन-गाण्याची हीच गोष्ट, म्हणून ते यादीत घेतलं नाही. यावर आमच्यातले एक सेवानिवृत्त बँक अधिकारी माझ्यावर अजून नाराज आहेत.

चौथं ‘समाधी’ (१९५०) मधलं ‘गोरे गोरे’. लता आणि अमीरबाई कर्नाटकी. पडद्यावर नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर. मूळ चाल परदेशी सिनेमातली, ती उघडच आहे. पण मूळ गाणं आणि हे एकापाठोपाठ ऐकलं तर अण्णांनी काय केलं ते कळतं. मुखडा उचलला आणि अंतरा आपल्याकडच्या सवालजवाबाच्या वळणावर नेला. रुंबाच्या ठेक्यावर दोन स्त्रियांचे आवाज एकमेकींना चिडवतात आणि फुंकवाद्यं त्या चिडवण्यात सामील होतात. ती नसती तर गाणं उरलं असतं, पण अर्धंच.

तिसरं ‘ईना मीना डीका’, चित्रपट ‘आशा’, साल १९५७. किशोरकुमारचं एक, आशा भोसल्यांचं एक. क्रम किशोरच्या गाण्याला. इथं फुंकवाद्यं काढली तर काहीच शिल्लक राहत नाही, कारण गाण्याला अर्थाचे शब्द फारसे नाहीतच. किशोरकुमार स्वतःच एक वाद्य होऊन बॅण्डमध्ये बसला आहे. मग हे पहिलं का नाही? कारण इथं सगळा ताफा एकजुटीनं बोलतो. एकट्या ट्रम्पेटचं, एका माणसाच्या श्वासाचं असं त्यात थोडं. ताफ्याची ताकद दाखवायची तर मी हे गाणं लावीन. माणूस दाखवायचा तर नाही.

आता ‘अलबेला’. १९५१. भगवान पालव म्हणजे आपले भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा, स्टंटपटांत मारामाऱ्या करून वर आलेला. अण्णांना संगीतकार म्हणून सुरुवातीची कामं यानंच दिली होती. राजेंद्र कृष्ण यांची गीतं, बरोबर गीता बाली. नायक एक गरीब कारकून, त्याला रंगमंचावर नाव काढायचं आहे. या कथेमुळे एक मोठी सोय झाली. चित्रपटातली बरीचशी गाणी नाटकगृहातल्या रंगमंचावर घडतात, त्यामुळे तिथं बॅण्ड दिसणं ओघानं येतं. एरवी हिंदी सिनेमातला नायक बागेत गातो आणि चाळीस व्हायोलिनं कुठून येतात हे कुणी विचारत नाही.

‘शोला जो भडके’ दुसरं. हा क्रम वाचून अनेकांच्या भुवया वर जातील. बोंगोचा तो सुरुवातीपासूनचा ठेका, लताबाईंचा जपून टाकलेला पहिला सूर, चितळकरांचं उत्तर. या गाण्याची खुबी अशी, की ते भडकत नाही. हिंदी सिनेमात तोवर नाचगाणं म्हणजे वेग आणि गलका. इथं सगळं मंद आचेवर. आणि मंद आचेवर ट्रम्पेट वाजवणं हे जोरात वाजवण्यापेक्षा किती तरी अवघड. लग्नाच्या बॅण्डमध्ये आयुष्य काढलेल्या एका वादकानं मला हे वाजवूनच दाखवलं. आधी छाती भरून वरचा सूर मारला, तो सहज लागला. मग तोच सूर हलका करायला गेला, तर ओठांच्या कडेनं हवा निसटू लागली आणि सूर थरथरला. जॅझवाले यासाठी भोंग्याच्या तोंडावर मूट लावतात, रबराची वाटीसुद्धा धरतात. ती उघडझाप केली की वाद्य माणसासारखं बोलतं. पुण्याच्या कानांना ट्रम्पेट माहीत आहे तो विसर्जन मिरवणुकीतला, लक्ष्मी रस्त्यावर हजारोंच्या गर्दीवर मात करणारा. तो आवाज मला प्रिय आहे. पण हे वाद्य कुजबुजूही शकतं हे कळायला हे गाणं ऐकावं लागतं.

आणि पहिलं, ‘अलबेला’तलंच ‘दीवाना परवाना’. लोकप्रियतेत ते शोलाच्या मागे, खिडकीखालच्या त्या नाचाच्या गाण्याच्याही मागे. पण कसोटीला लावा. फुंकवाद्यं काढलीत की चाल तुटते, कारण इथं ट्रम्पेट ओळींच्या फटीत बसलेला नाही, तो गाण्याचा तिसरा गायक आहे. लता, चितळकर आणि तो. चितळकर ओळ टाकतात, लताबाई ती उचलतात आणि बॅण्ड ती पुढे नेतो. चाल कुणा एकाच्या मालकीची राहत नाही, जॅझमध्ये जसं व्हायला हवं तसं.

दुसरं कारण डोळ्यांचं. या गाण्यात चिक चॉकलेट दिसतो. झालरींचे क्यूबन पद्धतीचे शर्ट घातलेली त्याची मंडळी रंगमंचावर आहेत आणि तो त्यांच्यात आहे. पडद्यावर वाजवतात ते आधीच मुद्रित झालेल्या गाण्यावर हे खरं. पण गाण्याच्या वाद्यरचनेत हात असलेला माणूस आपलं वाद्य घेऊन कॅमेऱ्यासमोर उभा आहे, असं त्या काळच्या हिंदी सिनेमात किती वेळा घडलं? भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाला भगवानदादांनी आणि अण्णांनी उजेडात आणलं. दोघा मराठी माणसांनी गोव्याच्या वादकाला दिलेला हा मान मला फार मोलाचा वाटतो. रेकॉर्डच्या लेबलनं जे नाकारलं ते सिनेमाच्या फितीनं दिलं. म्हणून माझ्या यादीत ते पहिलं, आणि या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही.

इथं गोव्याचे वाचक विचारतील, ख्रिस पेरी कुठे? मडगावचा, जन्म १९२८, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारा. लोर्ना कोर्देरच्या आवाजात त्यानं कोकणी गाण्यांचं जे दालन उघडलं ते ऐकलं नसेल तर आजच ऐका. त्याची क्रमवारी मात्र इथं लावण्याचं कारण नाही. ख्रिस पेरी आपली गाणी स्वतः लिही, चाल बांधी, बॅण्ड चालवी आणि रेकॉर्डवर त्याचं नाव स्पष्ट असे. १९७७ साली त्यानं ‘भुयारांतलो मुनीस’ हा कोकणी चित्रपटही काढला. २००२ मध्ये तो गेला. पुढे बारड्रॉय बार्रेटो यांनी त्याच्या गाण्यांवर ‘नाचूंया कुंपासार’ हा चित्रपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि नवी पिढी ती गाणी पुन्हा म्हणू लागली. नाव लिहिलेलं होतं म्हणून शोधणाऱ्याला वाट सापडली. चिक आणि पेरी यांच्या वाट्याला आलेल्या कीर्तीत जो फरक आहे तो वाजवण्यातल्या फरकापेक्षा लेबलावरच्या शाईचा अधिक आहे.

अलीकडे नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये मुंबईच्या जॅझचा आणि ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’मध्ये सिनेवादकांचा इतिहास लिहिला, तेव्हा कुठे या माणसांच्या चरित्राचे तुकडे जुळायला लागले. दोन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. मराठीत सी. रामचंद्रांचं ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आहे. पण वादकांच्या बाजूनं लिहिलेला मोठा मराठी ग्रंथ व्हायलाच हवा, आणि त्यासाठी पुण्याइतकं सोयीचं शहर दुसरं नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, प्रभातच्या जागेवर उभी राहिलेली फिल्म इन्स्टिट्यूट आहे, रेकॉर्डी जपणारे जुने संग्राहक पेठापेठांत आहेत. पडद्यावरचे चेहरे ओळखणारी, वाजवण्याची ढब ओळखणारी माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्यासमोर बसून ही गाणी लावायची आणि ते सांगतील ती नावं लिहून घ्यायची, एवढंच सुरुवातीला करायचं आहे.

तुमच्या घरात कुणी आजोबा, मामा, काका स्टुडिओत वाजवायला जात असतील, त्यांची स्वरलिपीची वही, मानधनाची पावती, बॅण्डचा एखादा गटफोटो माळ्यावर असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी फोटोच्या पाठीमागे प्रत्येकाचं नाव, वाद्य आणि साल पेन्सिलीनं लिहा. शाईनं लिहू नका, ती कागदातून झिरपते. आणि त्याची एक प्रत चित्रपट संग्रहालयात नेऊन द्या.